कोकिळेच्या डोळ्यांतल्या अळ्या

सकाळी दहाच्या सुमारास धाडच्या आठवडी बाजारात एका पाच वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांतून अळ्या निघाल्या. बघायला निम्मा बाजार लोटला होता. मिरचीवाल्यांनी पोती उघडी टाकली होती. बुलढाण्याला निघालेल्या एसटीचा ड्रायव्हरही गाडीच्या पायरीवर उभा राहून मान उंचावत होता.

मुलीचं नाव कोकिळा. बाजारापासून कोसभरावर तिच्या घरचा मळा. बाप निवृत्ती मेथी, पालक, गाजरं पिकवायचा आणि आई कौशल्याबाई ती बाजारात आणून विकायची. दिवाळीच्या आसपास पोरीला गोवर निघाला. गोवर गेला, पण दिवेलागण झाली की पोर चाचपडायला लागली. उंबऱ्याला अडखळायची, चुलीजवळ बसलेल्या आजीच्या अंगावर जाऊन पडायची. संक्रांत येईपर्यंत तिला दिवसाचा उजेडही सोसेना. डोळे मिटून भिंतीकडे तोंड करून बसायची.

त्याच सुमारास बाजारात नेत्रबाबा अवतरले. अंगात बिनखिशाची बंडी, डोळ्यांवर काळा चष्मा. दुसऱ्याचे डोळे बरे करणाऱ्याला स्वतःला चष्मा कशाला, हे कोणी विचारलं नाही. बाबांच्या पुढ्यात पाण्यानं भरलेली पितळी परात. परातीच्या मधोमध एक वीट आणि विटेवर लालबुंद तापवलेला नांगराचा फाळ. पोराला परातीवर ओणवं बसवायचं, वरून घोंगडी पांघरायची, बाबांनी फाळावर काळ्या औषधाची गोळी टाकायची. धूर होतो, पोर आत रडतं, घोंगडी काढली की परातीतल्या पाण्यात बारीक, पांढऱ्या, वळवळत्या अळ्या.

"माईलोग हो, बापलोग हो," बाबा म्हणत होते, "डाक्टर वरून पाहते, बाबा आतून पाहते. डोळ्यात किडा बसला, बुबुळ खाऊन राह्यला, अन् तुम्ही म्हणता पोराले दिसत नाही! दिसंल कसं? खिडकीत चोर उभा आहे! ही औषधी हिमालयातली. बारा वर्षं बर्फात बसलो, तेव्हा गुरूनं हातावर ठेवली. बाबा पैशाला शिवत नाही. श्रद्धेनं पायलीभर जवारी द्या."

"बाबाच्या बंडीले खिसाच नाई," पुढचा एक म्हातारा कौतुकानं म्हणाला.

"मंग जवारी कुठी ठेवते?" मागून कोणीतरी विचारलं.

"ते काय, पोते दिसून नाई राह्यले का तुले?"

लोक हसले. बाबाही हसले. हसणाऱ्या माणसाला ते घाबरत नव्हते. न हसणाऱ्याला मात्र त्यांनी लगेच हेरलं.

तो माणूस म्हणजे शेषराव गुरुजी. प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक. सहजासहजी कशावर विश्वास न ठेवणारा माणूस अशी त्यांची ख्याती होती. लिंबातून रक्त काढणाऱ्या एका बुवाची सुरी त्यांनीच हिसकावून घेतली होती.

"या गुरुजी," बाबा म्हणाले. "तुम्ही शिकलेले. परात तपासा. नंतर म्हणू नका, बाबानं किडे आणून सोडले."

गुरुजींनी परात रिकामी केली, राखेनं घासली, स्वतः धुतली. समोरच्या हॉटेलातून स्वतः पाणी आणलं. घोंगडी झटकली. बाबांच्या बोटांच्या बेचक्या, नखं, दोन्ही मनगटं पाहिली. बाबा हात लांब धरून शांत उभे राहिले. मग कोकिळेला बसवलं. कौशल्याबाईनं तिचं डोकं दाबून धरलं. पोर आतून "माय, जळते व, माय" म्हणून ओरडली. घोंगडी निघाली तेव्हा परातीत अळ्या तरंगत होत्या.

गुरुजींनी वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग सरळ होऊन म्हणाले, "परात रिकामी होती. मी स्वतः धुतली होती."

ते खोटं बोलले नाहीत. त्यांनी सगळं तपासलं होतं, एक गोष्ट सोडून. औषधाच्या गोळीकडे त्यांनी पाहिलं नव्हतं. लबाडी हातात असते, औषधात नसते, असं धरून चालले होते.

त्यांच्या त्या वाक्यानंतर रांग लागली. गुरुजींनी पाहिलंय, मग आता काय राहिलं? सर्दीनं डोळे चिकटलेली, पापण्यांत खुपऱ्या आलेली, नुसतीच किरकिरी अशी सगळी लेकरं त्या घोंगडीखाली जाऊन आली.

कोकिळेच्या आईला बाबांनी पथ्य सांगितलं. डोळ्यांवर पट्टी. दवाखाना अजिबात नाही, सुईच्या वासानं किडा आत पळतो. आणि मुख्य म्हणजे हिरवं बंद. "किड्याले हिरवं आवडते, माय. मेथी, पालक पोटात गेली की तो मोठा होते. जळजळ होईल. तो म्हणजे राह्यलेला किडा चावते असं समज."

पथ्य पाळायला जड नव्हतं. कोकिळेची आजी रुखमाबाई हिनं गोवराच्या पहिल्या दिवसापासूनच पालेभाजी बंद केली होती. गोवरात पाला देत नाहीत, तिच्या सासूनंही दिला नव्हता. त्याआधी तरी पोरीच्या ताटात भाजी कुठं होती? मळ्यात दव पडलेली मेथी पहाटे उपटायची, जुड्या बांधायच्या, पाणी मारून टोपल्यात भरायची. ती बाजाराची. घरात भाकरी, मिरचीचा ठेचा आणि चहा. पिकवणाऱ्यानं माल खायचा नसतो, हा तिथला न सांगता पाळला जाणारा नियम.

कौशल्याबाईच्या मनात त्या दिवशी एक गोष्ट राहिली होती. घोंगडी धरून उभी असताना तिला धुराचा वास आला, आणि तो वास ओळखीचा होता. माहेरी दाढ दुखली की आजी भुईरिंगणीच्या बियांची धुरी द्यायची. तोच वास. हिमालयातली औषधी तिच्या आजीच्या परसातली निघाली म्हणून तिला शंका यायला हवी होती. तिला उलट धीर आला. बाबा खरा आहे, आपल्या आजीचंच औषध देतो, असं तिला वाटलं.

पुढच्या बाजाराला बाबा धाडला आलेच नाहीत. ते साखरखेर्ड्याकडे गेल्याचं कळलं. इकडे पोरीचे डोळे सुजले होते. डावा डोळा ती उघडतच नव्हती.

"दवाखान्यात नेऊन पाहू का?" कौशल्याबाईनं विचारलं.

"आज पालक तोडायची आहे," निवृत्ती म्हणाला. "अन् बाबानं नाई म्हटलं ना? हे पाणी देणं आटपू दे, मंग पाहू."

पाणी देणं आटपलं नाही. मळ्याचं कधीच आटपत नाही.

शेवटी कौशल्याबाईनं ठरवलं, बाबा नाही तर आपण धुरी देऊ. बांधावर भुईरिंगणी माजलेली होती. काट्यांतून तिनं वाळलेली पिवळी फळं तोडली, बिया काढल्या, तुपात कालवल्या. घरातलीच परात घेतली, पाणी भरलं, वीट ठेवली. फाळ चुलीत घातला. एवढं सगळं करताना तिला शंका नव्हती, फक्त घाई होती. त्या घाईतच तिनं चूक केली. पोरीला बसवायच्या आधीच बिया फाळावर टाकल्या.

चर्र आवाज झाला, धूर उठला. आणि तो आवाज ऐकून कोकिळा भिंत चाचपत पळाली. कौशल्याबाई तिला शोधत गोठ्यात गेली. पोर गव्हाणीमागे अंग चोरून बसली होती. "मले नको व माय, मी शहाण्यासारखी राहीन," म्हणत होती. डोळे दुखतात ही आपलीच खोडी, आणि धूर ही तिची शिक्षा, असं तिनं धरलं होतं. तिला समजावून कडेवर आणेपर्यंत बिया जळून गेल्या होत्या.

रुखमाबाई परातीपाशी उभी होती.

"कौशल्ये, पोरगी बसली होती का वं?"

"नाई आत्याबाई. आता तं आणली."

"मंग हे कोणाचे पडले?"

पाण्यात पांढऱ्या अळ्या तरंगत होत्या. बाजारात होत्या तशाच.

"तूच वाकली असशीन," म्हातारी म्हणाली.

"मी तं गोठ्यात होती."

"मंग हवेनं आले असतीन."

"आत्याबाई, किडे काय हवेनं येतात?"

कौशल्याबाईनं पाणी ओतून दिलं, परात घासली, फाळ पुन्हा तापवला. या वेळी सासूला आणि पोरीला अंगणाबाहेर कडुलिंबाखाली बसवलं. बिया टाकल्या आणि स्वतःही तिकडे जाऊन उभी राहिली. धूर विरल्यावर एकटी परातीपाशी गेली. पाहून आली आणि खाली बसली.

"काय झालं?" म्हातारीनं विचारलं.

"पडले."

मग तिनं परातीतलं थोडं पाणी अळ्यांसकट गडूत घेतलं, उरलेल्या बिया पदरात बांधल्या आणि शाळेची वाट धरली.

शेषराव गुरुजींनी आधी ऐकूनच घेतलं नाही. "बाई, मी परात स्वतः धुतली होती."

"परात चांगलीच होती गुरुजी. माह्या परातीतबी कोणी नव्हतं."

गुरुजींनी गडू हातात घेतला. त्यांनी गडूत पाहिलं. मग पदरातली एक बी घेतली, पाण्यात भिजवून मऊ केली आणि दाढीच्या पात्यानं तिची कड कापली. आत एक पांढरा, बारीक, वेटोळं घातलेला धागा होता. तो त्यांनी टाचणीनं ओढून काढला आणि गडूतल्या अळीशेजारी ठेवला. दोघांत काही फरक नव्हता.

"हा तं मोड आहे," कौशल्याबाई म्हणाली. "बी रुजली की येते तो मोड. सारा जलम बी पेरण्यात गेला गुरुजी. मी कशी नाई वळखला?"

"मी चौथीला शिकवतो हे," गुरुजी म्हणाले. "बीचे भाग. फळ्यावर चित्र काढून."

एवढंच होतं. भुईरिंगणीच्या बीच्या पोटात गुंडाळलेला कोंब असतो. बी तापली की टरफल फुटतं आणि कोंब उसळून बाहेर उडतो. खाली परात असते म्हणून पाण्यात पडतो. पाणी हललं, कोंब भिजून उलगडला की तो वळवळतो असं वाटतं. वर घोंगडी असली, आत मूल रडत असलं, तर तो डोळ्यातून पडला असं वाटतं. मूल फक्त वाटण्यासाठी लागत होतं.

"पोर कुठंय?" गुरुजींनी विचारलं.

"घरी."

"तिला आधी गाडीत बसव. मी येतो बरोबर."

बुलढाण्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी कोकिळेचा उजवा डोळा पाहिला, मग डावा. डावा पाहताना ते जास्त वेळ थांबले.

"काय खाते ही?"

"भाकर," निवृत्ती म्हणाला. "चहा."

"भाजी?"

निवृत्तीनं बायकोकडे पाहिलं.

"धंदा काय तुमचा?"

"माळवं. मेथी, पालक, गाजरं."

"मग पोरीला देत नाही?"

"ते बाजाराची असते साहेब."

डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. रागावले असते तर बरं झालं असतं, पण ते हळू बोलले. डोळ्याला लागणारं एक सत्त्व हिरव्या पाल्यात, गाजरात, पपईत, दुधात असतं. ते पोटात जात नसेल तर आधी रात्रीचं दिसेनासं होतं, मग बुबुळ कोरडं पडतं, मग मऊ होऊन फुटतं. गोवर आला की शरीरात होतं नव्हतं तेही संपतं. पोर पहिल्यांदा उंबऱ्याला अडखळली तेव्हा आणली असती तर नुसतं औषधी तेल पाजून भागलं असतं. आता उजव्याची आशा होती. डाव्या बुबुळावर जखम होती, आणि त्या जखमेवर धूर दिलेला होता.

"गोवरात पाला म्या बंद केला," रुखमाबाई म्हणाली. "या दोघायचा काही दोष नाई."

"धूर मी धरला," कौशल्याबाई म्हणाली.

पालक तोडायची होती, हे कसं सांगायचं ते निवृत्तीला समजेना.

औषध माशाच्या यकृताच्या तेलाचं होतं. रुखमाबाईच्या गळ्यात माळ. तिच्या घरात मासा कधी शिजला नव्हता. परिचारिकेनं बाटली पुढे केली तेव्हा म्हातारीनं वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि चमचा स्वतःच्या हातात घेतला. "आ कर वं बाई," ती नातीला म्हणाली. "देवाले मी पाहून घेईन."

नेत्रबाबा पुन्हा धाडला आले तेव्हा बाजार तसाच भरला होता. बाबांनी पसारा मांडला आणि हाताच्या अंतरावर शेषराव गुरुजींनीही मांडला. परात, पाणी, वीट, फाळ.

"गुरुजींनी धंदा बदलला का बे?" कोणीतरी म्हणालं.

"बरं झालं," बाबा म्हणाले. "दोन डाक्टर असले की रांग लवकर सरकते. पण गुरुजी, औषधी हिमालयातली लागते."

"माझी बांधावरची आहे," गुरुजी म्हणाले. "लेकरू कोणी देऊ नका. मला लेकरू नको."

त्यांनी सगळ्यांना मागे सारलं, बिया फाळावर टाकल्या आणि स्वतःही मागे झाले. धूर गेल्यावर परात उचलून लोकांपुढे फिरवली. अळ्या होत्या. गर्दीत कुजबुज झाली.

बाबांनी वेळ दवडला नाही. "पाहिलं? गुरुजींच्याच डोळ्यांतले पडले! किती वर्षांचे साठले होते!"

लोक हसले. गुरुजी हसले नाहीत. "मी दूर होतो बाबा. जवळ तुम्ही होता. तुमचे असतील. चष्मा काढा, पाहू."

आता लोक दुसऱ्या बाजूनं हसले. बाबांनी चष्म्याला हात लावला नाही. गुरुजींनी भिजलेल्या बिया बाया-माणसांच्या हातावर ठेवल्या आणि नखानं दाबायला सांगितलं. शेतकऱ्याच्या नखाला बी नवी नसते. ज्यानं दाबली त्याच्या अंगठ्यावर पांढरा मोड आला.

"गेल्या वेळी मी परात धुतली होती," गुरुजी म्हणाले. "माझ्या शब्दावर तुम्ही लेकरं बसवली. बाबा लबाड आहे, पण बाबावर तुमचा भरवसा नव्हता, माझ्यावर होता. मी हात तपासले, औषध तपासलं नाही. निवृत्तीची पोर दवाखान्यात आहे."

मिरचीवाल्यांमधली गोजरबाई पुढे आली. तिच्या कडेवर वर्षाचा नातू होता. "माहाबी बसवला होता गुरुजी. तुम्ही म्हटलं म्हणून."

गुरुजींनी मुलाचे डोळे पाहिले, तिला दवाखान्याची वेळ सांगितली.

तेवढ्यात कोणीतरी बाबांची परात लाथाडली. बाबा जवारीची पोती तिथंच टाकून जीपमध्ये बसले. कोणी त्यांना मारलं नाही. मारायला पुढे झालेल्या दोघांच्या हातांत अजून बिया होत्या.

सगळा बाजार परातींभोवती अडकला होता, त्यामुळे बायकोच्या जागी बसलेल्या निवृत्तीच्या टोपल्याकडे त्या दिवशी कोणी फिरकलं नाही. संध्याकाळी उरलेल्या मेथीच्या जुड्या त्यानं बाजारातल्या लेकुरवाळ्या बायांना वाटल्या. काही बायांनी घेतल्या. काहींनी गोवराची पोर घरात आहे म्हणून परत दिल्या, आणि निवृत्तीनं त्या पुन्हा त्यांच्याच पदरात टाकल्या.

सांगायचं ते सोपं आहे. मूल रात्री अडखळू लागलं तर त्याला दवाखान्यात न्या, त्याच दिवशी न्या. गोवरात आणि गोवरानंतर त्याच्या ताटात हिरवी भाजी घाला, बाजाराच्या टोपल्यातली पहिली जुडी त्याच्यासाठी काढून ठेवा. आणि चमत्कार कोणी दाखवला तर बाबाचे हात पाहून थांबू नका. तोच चमत्कार मूल बाजूला ठेवून होतो का ते पाहा. एवढी परीक्षा करायला शाळा शिकलेली लागत नाही, कुठल्याही अंगणात ती करता येते. ती करायला उशीर केला की किंमत मूल देतं. त्यानं काहीही केलेलं नसतं.

नेत्रबाबा नंतर बीबी गावच्या बाजारात दिसल्याचं एका जीपवाल्यानं सांगितलं. तिथं ते दातांतले किडे काढतात. रांग असते.

कोकिळा अजून बुलढाण्याला आहे. उजव्या डोळ्यानं तिला कंदिलाच्या उजेडात आईचा हात दिसू लागला आहे. डाव्या डोळ्यावरची पट्टी डॉक्टर सोमवारी काढणार होते. सोमवारी त्यांनी ती काढली, आत पाहिलं, नवी पट्टी बांधली आणि पुढच्या सोमवारी पाहू म्हणाले. कौशल्याबाईनं त्यांना काय दिसलं ते विचारलं नाही.